रानभाताचा गुण लागवडीच्या भातात उतरवताना

तळ्यात, पाणथळीत न पेरता उगवणारे देवभात म्हणजे ओरायझा रुफिपोगॉन. त्याचा वर्षायू भाऊबंद ओरायझा निवारा. दोघांचीही गुणसूत्रे लागवडीच्या भातासारखीच 24 आणि जनुकसंच 'एए', म्हणून भाताशी थेट संकर होतो. आपल्याला हवा असतो एखादाच गुण. त्याच्यामागून कुसळ, लाल दाणा, झडणारी लोंबी, पसरट वाढ असा सगळा लवाजमा येतो. संकर दोन दिवसांत उरकतो. लवाजमा परतवण्यात हंगामामागून हंगाम जातात.

बियाण्यापासून सुरुवात. रानभाताचा दाणा पिकला की झडलाच, म्हणून लोंबी निसवताच तिला बारीक जाळीची पिशवी बांधा. एकाच झाडाचे ओंजळभर घेण्यापेक्षा एका ठिकाणच्या 30-40 झाडांचे थोडेथोडे घ्या. भाताची वाढ खुंटवणाऱ्या ग्रासी स्टंट विषाणूसाठी फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत (इरी) सहा हजारांवर नमुने तपासले, तेव्हा उत्तर प्रदेशातून आलेल्या निवाराच्या एकाच नमुन्यात प्रतिकार सापडला, आणि त्यातही मोजक्याच झाडांत. त्यातून पुढे 1976 चा आयआर 36 हा वाण आला.

ताजे बी सुप्तावस्थेत असते, नुसते भिजवून उगवत नाही. कोरडे बी 50 अंश सेल्सिअसला 5 दिवस ठेवा, मग तूस काढून ओल्या फिल्टर पेपरवर मांडा. तूस सोलताना देठाकडच्या टोकाला जपा. भ्रूण तिथेच असतो.

देवभात दिवस लहान झाल्याशिवाय निसवत नाही. म्हणून मादी म्हणून घ्यायच्या लागवडीच्या वाणाच्या 10-10 दिवसांच्या अंतराने तीन-चार पेरण्या करा. एखादी तरी फुलोऱ्यावर जुळतेच.

मादी लागवडीचाच वाण ठेवावा: त्याचे दाणे झडत नाहीत आणि पेशीद्रव्यही (पेशीतला केंद्रकाबाहेरचा, मादीकडूनच येणारा भाग) त्याचेच राहते. (चीनमधल्या हायनानमध्ये 1970 साली सापडलेल्या रानभाताचे मात्र पेशीद्रव्यच हवे होते, संकरित भाताची नरवंध्य (सकस पराग न देणारी) ओळ त्यावरच उभी राहिली.) आदल्या दुपारी अर्धवट निसवलेली लोंबी निवडा. वरची उमललेली आणि खालची फार कोवळी फुले छाटा. उरलेल्या प्रत्येक फुलाचा वरचा तिसरा भाग तिरका कापून सहाही परागकोश चिमट्याने काढा. कोश फुलाच्या अर्ध्या उंचीपर्यंत आलेला असावा. त्याहून वर गेला असेल तर फूल सोडून द्या, ओढताना कोश फुटतो आणि स्वपरागण होते. बटर पेपरची पिशवी घाला. दुसऱ्या सकाळी रानभात उमलताच त्याची लोंबी आणून कापलेल्या फुलांवर झटका. पराग जेमतेम पाच मिनिटे टिकतो, तेव्हा नराची कुंडी शेजारीच हवी. 25-30 दिवसांनी दाणे काढा. कापलेल्या तुसातून ते उघडे डोकावतात, किडके समजून फेकू नका.

ओरायझा ऑफिसिनॅलिससारखी दूरची, 'सीसी' संचाची जात घेतली तर दाणा भरत नाही, भ्रूण मरतो. परागणानंतर 10-14 दिवसांत तो निर्जंतुक काढून पोषक माध्यमावर वाढवावा लागतो. प्रयोगशाळा नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

पहिल्या पिढीत कुसळ आणि झडणारे दाणे दिसले तर संकर खरा. मादीसारखेच झाड आले तर स्वपरागण झाले. मग मूळ वाणाशी पुन:पुन्हा संकर करा. मूळ वाणाचा वाटा सरासरीने पहिल्या खेपेला 75, दुसऱ्या खेपेला 87.5, तिसऱ्या खेपेला 93.75 टक्के होतो. पण हव्या जनुकाला चिकटलेला तुकडा या हिशेबाने कमी होत नाही, तो हटून बसतो. त्यासाठी प्रत्येक पिढीत आधी जनुकाचा मार्कर (त्याची डीएनएतली ओळखखूण) तपासा, मग त्याच्या दोन्ही बाजूंचे मार्कर मूळ वाणाचे असलेली झाडे शोधा. एका पिढीत एक बाजू तुटली तरी समाधान माना. आफ्रिकेतल्या ओरायझा लाँगिस्टॅमिनाटाचे जिवाणूजन्य करप्यावरचे एक्सए 21 हे जनुक हैदराबादच्या सुधारित सांबा मसुरीत मार्करच्याच आधारे आले. वाण 2008 मध्ये प्रसारित झाला. नुसत्या डोळ्यांनी निवडले तर रोग नसलेल्या वर्षी निरोगी आणि प्रतिकारक झाड सारखेच दिसते.

या पिढ्या नेहमीच्या खाचरात लावू नका. झडलेले, सुप्त दाणे मातीत राहून पुढच्या हंगामात तण म्हणून उगवतात, आणि फुटव्यापर्यंत ते भातापासून वेगळे ओळखू येत नाहीत.