खाऱ्या पाण्याची टाकी मांडण्याआधी

मासा या यादीत सगळ्यात शेवटी येतो, हे आधीच सांगून ठेवतो. दुकानात नेमकं उलटं घडतं. निळ्या दिव्याखाली निमो फिरताना दिसतो, पोरं हट्ट धरतात आणि टाकी, मीठ, मासे असा सगळा संसार एकाच दिवशी रिक्षातून घरी येतो. गोड्या पाण्यातले गप्पी अशा घाईतही तगतात. रीफ टाकीला, म्हणजे प्रवाळवर्गीय जीव आणि समुद्री मासे ठेवायच्या टाकीला, आधी पाणी तयार लागतं, आणि त्याच्याही आधी घर. म्हणून यादी घरापासून.

सर्वांत आधी वजनाचा विचार करा. नवख्याने फार लहान टाकी घेऊ नये, कारण थोड्या पाण्यात खारटपणा आणि तापमान झपाट्याने वरखाली होतं. ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची, म्हणजे ढोबळ १८० लिटरची टाकी सुरुवातीला बरी. पाणी, काच, दगड, वाळू आणि खालचा संप (पाणी गाळायची जोडटाकी) धरला की ती ३०० किलोच्या आसपास जाते, तेही अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. राहत्या खोलीच्या स्लॅबला चौरस मीटरमागे साधारण २०० किलो भार धरलेला असतो. हा हिशेब पूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचा आहे, त्यामुळे टाकी ठेवली की स्लॅब कोसळेल असं नाही; पण ती खोलीच्या मधोमध न ठेवता बीमजवळ, भिंतीला लागून ठेवा, आणि शंका असेल तर इंजिनियरला विचारा. जुन्या वाड्यात लाकडी पाटणीवर राहत असाल तर हा बेत तळमजल्यावरच करा. स्टँड मरीन प्लायचा घ्या, एमडीएफ खाऱ्या ओलाव्याने फुगतो. टाकी भरण्याआधी पाणसळ लावून बघा, भरल्यावर पाचर मारता येत नाही.

मग इलेक्ट्रिशियन. अर्थिंग तपासून घ्यायचं, टाकीच्या लाइनला आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवायचा, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी सोडायची, म्हणजे ओघळलेला थेंब खालीच गळतो. वीज गेली तर काय, हे आत्ताच ठरवा. माशांना उपाशी राहणं दोन दिवस जमतं, पाणी थांबलं तर मात्र काही तासांत प्राणवायू कमी पडू लागतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त पाणी फिरवणारा पंप जोडा. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) आणि दिवे नकोत, बॅटरी तेवढ्यातच बसेल. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप आणून ठेवा. संप असेल तर आणखी एक चाचणी: टाकीत साधं पाणी भरून सगळं चालू करा आणि मेन स्विच बंद करा. वरचं जेवढं पाणी खाली उतरतं तेवढं संपात मावलं पाहिजे. ते फरशीवर आलं तर साध्या पाण्यातच कळलेलं बरं.

उन्हाळ्याचं उत्तर गावानुसार बदलतं. पाणी २४ ते २७ अंशांत ठेवायचं असतं. पाण्यावर वारा मारणारे छोटे पंखे स्वस्त असतात आणि डेझर्ट कूलरसारखे चालतात: हवा कोरडी तर काम चोख, दमट तर नुसता आवाज. म्हणून नागपूर-अकोल्यात मे महिन्यात पंखे बरीच साथ देतात, पण खोलीच ४० अंशांवर जाणार असेल तर एकट्या पंख्यांच्या भरवशावर राहू नका. मुंबई-रत्नागिरीत बाहेर तेवढं तापत नाही, तरी पंखे हात टेकतात. किनारपट्टीवर चिलरचे पैसे पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरा. ते जमत नसेल तर टाकी पुढच्या वर्षी मांडा, हे माझं स्पष्ट मत.

आता पाणी. नळाचं, बोअरचं, टँकरचं, यांतलं कुठलंच थेट चालत नाही. घरचा आरओही डोळे मिटून वापरू नका, कारण बहुतेक घरगुती मशीनमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, आणा. शून्य किंवा त्याच्या अगदी जवळचा आकडा हवा, आणि त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारे दाणे) जोडावं लागतं. हल्ली आरोग्यासाठी म्हणून पाण्यात तांबं सोडणारे प्युरिफायर घरोघरी दिसतात. त्यांचं पाणी या टाकीला विष आहे. तांब्याचा अंश माशांना एक वेळ सोसतो. कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळवर्गीय प्राणी त्याने मरतात. तेव्हा आजीची तांब्याची कळशी पाणी वाहायला घेऊ नका, आणि बादल्याही नव्या, साबण कधीच न लागलेल्या, त्यांच्यावर मार्करने ‘खारं’ लिहून वेगळ्या ठेवा.

मिठाबद्दल कोकणातले लोक हमखास विचारतात: दारात समुद्र असताना पिशवीतलं मीठ विकत का? शहराजवळच्या समुद्रात सांडपाणी असतं, पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळून खारटपणा घसरतो. मिठागरातलं खडे मीठही उपयोगाचं नाही. आगरात पाणी आटताना कॅल्शियम आधीच जिप्समच्या रूपात खाली बसतं, मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतं, आणि मिठाचे खडे म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. रीफला हवे असतात तेच दोन घटक त्यात नसल्यासारखे. म्हणून रीफ सॉल्ट. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे १८० लिटरला सहा किलोंहून थोडं जास्त, आणि पुढे दर आठवड्याला पाणी बदलायचं तेव्हा त्या प्रमाणात. मीठ पाण्यात घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. पंप लावून एक दिवस फिरू द्यायचं. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ खारटपणाच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ यायला हवं. रोज आटणारं पाणी मात्र साध्या डीआय पाण्यानेच भरायचं, कारण उडून जातं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं.

दगड आणि प्रवाळ घेण्याआधी कायदा वाचा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये दगडी सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं आहेत. काळं प्रवाळ, फायर कोरल, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही आहेत. अनुसूची १ म्हणजे वाघाच्या पंगतीतलं संरक्षण. दुकानदार टॉर्च, हॅमर, ब्रेन, ॲक्रोपोरा अशा गोड नावांनी जे दाखवतो ते बहुतेक यातच मोडतं. मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा तुकडा किंवा कुठल्याशा रीफवरून तोडून आणलेला ‘लाइव्ह रॉक’ही नको. विजयदुर्गपासून १०० किलोमीटरवर खोल समुद्रात आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावर आजही जिवंत प्रवाळ आहे. ते तिथेच राहू दे. आपल्याला सिरॅमिकचा किंवा कृत्रिम कोरडा सच्छिद्र दगड पुरतो, जीवाणू त्यावरही घर करतात. पुढे मश्रूम, लेदर, झोआन्थिड असे मऊ प्रवाळवर्गीय जीव घेतलेत तरी ते आले कुठून हे विचारा आणि बिल घ्या. परदेशी प्रजातींबाबत २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीचे नियम आणले आहेत. कागद न देणाऱ्याकडून काही घेऊ नका.

झोआन्थिड घेणार असाल तर हातमोजे आणि चष्मा यादीत लिहाच. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. झोआन्थिड लागलेला दगड साफ करायला गरम पाण्यात उकळणं म्हणजे ते विष वाफेतून घरभर पसरवणं. यामुळे माणसं खरोखर दवाखान्यात गेली आहेत. दगड उकळायचा नाही, ब्रशने खसाखसा घासायचाही नाही, आणि हाताला जखम असेल तर टाकीत हात घालायचा नाही.

उरलेली यंत्रं लवकर आटपतात: स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), दोन फिरते पंप, निळा-पांढरा एलईडी, आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसायची क्षमता) यांचे टेस्ट किट. दिव्यावर फार खर्च करू नका, मऊ जीवांना मध्यम प्रकाश पुरतो.

यानंतर महिना-दीड महिना रिकामी, म्हणजे पाणी भरलेली पण मासे नसलेली, टाकी चालवायची. पाण्यात अमोनिया (पुढे माशांच्या उत्सर्गातून येणारं विष) घालायचा आणि जीवाणू तो आधी नायट्राइटमध्ये, मग नायट्रेटमध्ये बदलतात का ते किटवर बघायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि अमोनियाचा नवा डोस एका दिवसात पचला, की पाणी तयार. मधल्या काळात दगडावर तपकिरी थर येईल, त्यामागून हिरवं शेवाळ येईल. घरचे म्हणतील टाकी बिघडली. बिघडलेली नाही, पुसत बसू नका.

या रिकाम्या दिवसांतच ४० लिटरची साधी क्वारंटाइन टाकी उभी करा. वाळू-दगड नको, एक स्पंज फिल्टर आणि लपायला पाइपचा तुकडा. नवा मासा आधी महिनाभर तिथे. पांढरे ठिपके आणणारा परजीवी एकदा मोठ्या टाकीत शिरला तर औषध तांब्याचं, आणि ते तिथे घालता येत नाही, म्हणून ही टाकी ऐच्छिक समजू नका.

आणि मग मासा. प्रजनन केंद्रात वाढलेला क्लाउनफिश मागा; भारतात सीएमएफआरआयने (केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने) त्याचं प्रजनन केव्हाच जमवलं आहे. जोडी हवी तर एक मोठा आणि एक लहान घ्या: हे मासे नर म्हणूनच जन्मतात आणि जोडीतला मोठा मादी होतो. समुद्रफूल (ॲनिमोन) लगेच नको, ते चालत जाऊन पंपात अडकतं, आणि क्लाउनफिशचं त्याच्यावाचून काही अडत नाही. निळा टँग फूटभर वाढतो, मँडरिन मासा कोपेपॉड नावाच्या बारीक जिवंत जीवांवर जगतो. दोघांनाही पहिल्या वर्षी हात लावू नका.

घरच्या पंचांगाकडेही एकदा बघून घ्या. पेस्ट कंट्रोल आणि दिवाळीचा रंग टाकी येण्याआधी उरकून टाका, नंतर तो वास एअर पंप पाण्यात ओढतो. गणपतीला गावी जाणार असाल तर शेजाऱ्यांच्या हाती खाद्याचा डबा देऊ नका, मायेने ते मूठभर घालतात. रोजच्या चिमटीच्या पुड्या बांधून, वर वार लिहून द्या, आणि टॉप-अपच्या, म्हणजे आटलेलं भरून काढायच्या, पाण्याच्या बाटल्या शेजारीच मांडून ठेवा.