दूध संस्थेच्या अ‍ॅपसाठी पर्सोना: गावात जाण्याआधी आणि आल्यावर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांसाठी अ‍ॅप करायचं ठरलं, की पर्सोनाचं काम स्क्रीन काढायच्या आधी हाती घ्या. पर्सोना म्हणजे खऱ्या भेटींवरून उभं केलेलं, वापरणाऱ्या माणसाचं काल्पनिक नावाचं व्यक्तिचित्र. या पर्सोनाच्या जोरावर कोणते निर्णय घ्यायचे आहेत, ते आधी लिहून काढा. पहिल्या स्क्रीनवर आजचं फॅट हवं की दहा दिवसांचं बिल? निरोप लिहून द्यायचा की आवाजात? हेच ठरलेलं नसेल तर भेटी पुढे ढकला.

मग माणसं निवडा. संस्थेचा सचिव सहज भेटतो, भरपूर बोलतो आणि अ‍ॅपचे पैसेही बहुधा संस्थाच देणार असते, त्यामुळे पर्सोना नकळत त्याचाच होऊन बसतो. त्याला भेटाच, पण खातं ज्याच्या नावावर आहे तो, म्हशीची धार काढणारी, किटली घेऊन येणारं पोरगं आणि ज्याच्या हातात फोन आहे तो, यांनाही भेटा. एकाच घरात ही चार वेगळी माणसं असू शकतात. शहरालगतचं करवीरातलं गाव आणि गगनबावड्याकडची वाडी, दोन्हीकडची घरं घ्या.

जाण्यापूर्वी दरपत्रक समजून घ्या. म्हशीच्या दुधाचा दर 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) धरून सांगतात. रीडिंग त्याखाली आलं की दर उतरतो. हे माहीत नसलेल्या माणसाशी कुणी मनमोकळं बोलत नाही. जोतिबाच्या चैत्री यात्रेचे दिवस टाळा.

संकलनाच्या वेळी कोपऱ्यात उभं राहून नुसतं बघा. किटली रिकामी होते, नमुना मशीनमध्ये जातो, चिठ्ठी निघते. नजर आधी कुठे जाते, लिटरवर, फॅटवर की रुपयांवर? चिठ्ठी कनवटीला लागते की तिथंच पडते? मला विचाराल तर सगळ्या तयारीत हीच पाच मिनिटं सर्वांत मोलाची. बोलायला मात्र वैरण-पाणी आटोपल्यावर घरी जा.

“असं अ‍ॅप आलं तर वापराल का?” हा प्रश्न यादीतून खोडाच. दारात आलेल्या पाहुण्याला नाही म्हणणं जिवावर येतं, म्हणून सगळे हो म्हणतात. घडलेलं विचारा: मावशी, मागं फॅट कमी लागलं तेव्हा काय केलंत? बिल जमा झाल्याचं कसं कळलं? 2019 च्या नाहीतर 2021 च्या महापुरात दूध घालता आलं नाही तेव्हा निरोप कुणी दिला? “पोरगं आलं की बघतो, मला न्हाई त्यातलं कळत,” असं कुणी म्हणालं तर जसंच्या तसं टिपा, शुद्ध करू नका. रेकॉर्डिंगआधी परवानगी घ्या. पासबुकाचे फोटो काढू नका.

टिपणं त्याच दिवशी उतरवा. गट पाडताना वय आणि जमीन बाजूला ठेवून वागणं बघा: रोज चिठ्ठी तपासणारे, फक्त बिलाच्या दिवशी बघणारे, सगळं पोरावर सोपवणारे. तीन-चार पर्सोना पुरतात.

प्रत्येकाला एकच पान द्या. काल्पनिक नाव, तिला काय साधायचंय, फोन कुणाचा, अडलं तर कुणाकडे जाते आणि तिच्या तोंडचं एखादं वाक्य. छंद, आवडता रंग नको. प्रत्येक ओळीमागे कुठली भेट आहे ते सांगता आलं पाहिजे. अंदाज असेल तर तसं लिहा. भेटलेल्या बाईचं खरं नाव किंवा फोटो कधीच नको, चित्र काढा.

मुख्य पर्सोना एकच ठरवा. 1990 च्या दशकात ही पद्धत रूढ करणाऱ्या सॉफ्टवेअर डिझायनर अ‍ॅलन कूपर यांचा हाच आग्रह होता: दुसऱ्या कुणासाठी केलेल्या स्क्रीनवर जिचं काम भागत नाही, ती मुख्य. इथं ती बहुधा धार काढणारी असेल, आणि हे सचिवांना स्पष्ट सांगायची तयारी ठेवा.

पानावर तारीख टाका. संस्थेनं मशीन बदललं, बिलाची रीत बदलली किंवा घरात दुसरा फोन आला, की त्याच गावांत पुन्हा जाऊन ओळी तपासा.