शिकाऊ वैमानिकाचा विमा: फी भरण्याआधी काय वाचावं आणि काय लिहून घ्यावं

‘आमची सगळी विमानं इन्शुअर्ड आहेत, काळजीचं कारण नाही.’ फ्लाइंग स्कूलच्या ऑफिसात हे वाक्य ऐकलं की बहुतेक पालक समाधानाने चेकवर सही करतात. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. विमानाला विमा आहे म्हणजे ते उडवणाऱ्या विद्यार्थ्यालाही संरक्षण आहे, असा अर्थ त्यातून काढला जातो, आणि तो बऱ्याचदा चुकीचा असतो. मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांसोबत बसून हे कागद वाचत आलोय. ते कोणत्या क्रमाने वाचायचे, ते इथे सांगतो.

मेडिकल (वैद्यकीय प्रमाणपत्र), प्रवेश, ओळखपत्रं ही तयारी झाली आहे असं धरतो.

पहिली पायरी: पॉलिसीचं शेड्यूल मागा. स्कूल बहुधा तुमच्या हातात एक पानी सर्टिफिकेट ठेवेल. विमा अस्तित्वात आहे आणि रक्कम अमुक आहे, एवढंच त्यावरून कळतं. तुम्हाला शेड्यूल, म्हणजे पॉलिसीचा तपशील भरलेला तक्ता हवा, आणि त्याला जोडलेली सगळी एंडोर्समेंट्स, म्हणजे मूळ अटींत बदल करणारी पुरवणी पत्रं हवीत. ‘ते गोपनीय आहे’ असं उत्तर आलं तर प्रीमियमचा आकडा झाकून प्रत द्या म्हणावं. तरीही दिली नाही, तर मी त्या स्कूलमध्ये पैसे भरणार नाही.

दुसरी पायरी: चार रकाने वाचा. विमाधारकाचं नाव, वापर, पायलट आणि भौगोलिक हद्द. वापराच्या रकान्यात प्रशिक्षण आणि भाड्याने देणं हे दोन्ही स्पष्ट लिहिलेलं हवं. खाजगी वापराची पॉलिसी प्रशिक्षणाच्या विमानाला चालत नाही. पायलटच्या रकान्यात इन्स्ट्रक्टरच्या परवानगीने सोलो, म्हणजे एकट्याने उडायला जाणारा विद्यार्थी बसतो का, ते बघा. क्रॉस-कंट्रीचे (दूरच्या सराव उड्डाणांचे) मार्ग हद्दीच्या आत आहेत ना, हेही तपासा.

तिसरी पायरी: विमा कंपनी तुमच्याकडून वसुली करू शकते का, ते शोधा. इथे घाई करू नका. सुरुवातीला मलाही हा भाग समजायला बराच वेळ लागला होता, कारण तो एका कागदावर सापडतच नाही. स्कूलची पॉलिसी, तिची एंडोर्समेंट्स आणि तुमचा करार हे तिन्ही शेजारी ठेवून वाचावं लागतं.

विमान आपटलं, विमा कंपनीने स्कूलला भरपाई दिली. प्रकरण इथे संपत नाही. पैसे दिल्यावर कंपनी स्कूलच्या जागी उभी राहते आणि ज्याच्या चुकीने नुकसान झालं त्याच्याकडून ते वसूल करण्याचा हक्क तिला मिळतो. याला सबरोगेशन म्हणतात. स्वतःच्याच विमाधारकाविरुद्ध कंपनी हा हक्क वापरू शकत नाही. पण विमाधारकाच्या रकान्यात फक्त स्कूलचं नाव असेल, तर विद्यार्थी तिच्या दृष्टीने परका ठरतो. ड्युअल फ्लाइटमध्ये, म्हणजे इन्स्ट्रक्टर सोबत असताना, कमांड त्याच्याकडे असते. सोलोमध्ये पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचे जबाबदार वैमानिक, तुम्ही असता, आणि मग बोट सरळ तुमच्याकडे येतं.

एका विद्यार्थ्याचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडलं. सोलो लँडिंगमध्ये विमान उसळलं, दुसऱ्यांदा टेकताना नोजव्हील आधी लागलं आणि प्रॉपेलर धावपट्टीला घासला. मुलाला खरचटलंही नाही. बाहेरून पाहिलं तर पात्यांची टोकं वाकलेली, बाकी विमान धडधाकट. पण प्रॉप स्ट्राइक झाला की निर्मात्यांच्या सूचनेनुसार इंजिन उघडून तपासावं लागतं, त्यामुळे बिल पात्यांवर थांबलं नाही. विमा कंपनीने डिडक्टिबल, म्हणजे नुकसानातला विमाधारकाने स्वतः सोसायचा भाग, वजा करून स्कूलला पैसे दिले. स्कूलने डिडक्टिबल मुलाच्या खात्यावर टाकलं. काही महिन्यांनी विमा कंपनीच्या वकिलाचं पत्र घरी आलं आणि उरलेली रक्कमही त्याच्याकडे मागितली. त्या घराला प्रवेशाच्या दिवशी ‘सगळं इन्शुअर्ड आहे’ हेच सांगितलं गेलं होतं.

यावर तीन उपाय आहेत. सर्वांत चांगला म्हणजे विद्यार्थ्यांविरुद्धचा सबरोगेशनचा हक्क सोडल्याचं विमा कंपनीचं लेखी एंडोर्समेंट. स्कूलने आपल्या लेटरहेडवर दिलेल्या हमीवर विसंबू नका. हक्क कंपनीचा आहे, तो तिनेच सोडायला हवा. दुसरा उपाय म्हणजे पॉलिसीत अतिरिक्त विमाधारक म्हणून समावेश. इथे एक खाच आहे: हा समावेश पुष्कळदा फक्त तिसऱ्या पक्षाच्या दायित्वापुरता असतो, विमानाच्या नुकसानाला तो लागू नसतो. दोन्हींना लागू आहे का, असं नेमकं विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

हे दोन्ही मिळत नसेल तर तिसरा उपाय: दुसऱ्याच्या मालकीचं विमान उडवणाऱ्यासाठी असलेली स्वतःची पॉलिसी. तिचे दोन भाग असतात. एक लोकांच्या आणि मालमत्तेच्या नुकसानाचं दायित्व, दुसरा तुम्ही उडवत असलेल्या विमानाचं नुकसान. दुसरा भाग बहुधा ऐच्छिक असतो आणि स्वस्तात पॉलिसी घेणारे नेमका तोच गाळतात. तो घ्याच. निदान स्कूलच्या डिडक्टिबलइतका तरी घ्या, आणि सबरोगेशनचा हक्क सोडलेला नसेल तर विमानाच्या विमा-किमतीच्या शक्य तितका जवळ न्या. ‘डिडक्टिबलपुरतं कव्हर पुरे’ हा सल्ला सर्रास दिला जातो. हक्क सोडल्याचं एंडोर्समेंट नसेल तर तो सल्ला धोकादायक आहे.

आता करार उघडा. त्यात असं वाक्य हमखास असतं: ‘विमानाचं कोणत्याही कारणाने झालेलं सर्व नुकसान विद्यार्थी भरून देईल.’ यावर जशीच्या तशी सही करू नका. तुमची पॉलिसी तुमचं कायदेशीर दायित्व उचलते. केवळ करारात लिहून दिल्यामुळे अंगावर आलेलं दायित्व विमान विम्यात सहसा वगळलेलं असतं. लंडनच्या विमा बाजारातला एव्हीएन 1सी हा बराच वापरला जाणारा पॉलिसीचा नमुनाही ते वगळतो. म्हणजे पार्किंगमध्ये उभ्या विमानावर वादळात काही कोसळलं, तर करारानुसार पैसे तुम्ही द्यायचे, आणि तुमची पॉलिसी म्हणणार की यात तुमची चूकच नव्हती, आम्ही कशाला देऊ? वाक्य बदलून घ्या: ‘विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान, जास्तीत जास्त डिडक्टिबलच्या रकमेइतकं.’ विमान दुरुस्तीत उभं राहिल्यामुळे बुडालेल्या कमाईचं कलम असेल तर ते काढून टाका, किंवा त्याला कमाल मर्यादा घाला. विमानाच्या नेहमीच्या विम्यात हे नुकसान धरलेलं नसतं, म्हणून तर ते तुमच्यावर ढकललेलं असतं.

वाक्य बदलायला स्कूल तयार होत नाही, असं मला सांगितलं जातं. विचारलं तर बऱ्याच जागी होतात. विचारतच कोणी नाही.

चौथी पायरी: आयुर्विमा, आरोग्यविमा, अपघातविमा. तिन्हींमधली अपवादांची यादी वाचा. तिकीट काढून प्रवासी म्हणून उडणाऱ्याला जे संरक्षण असतं, ते विमान चालवायला शिकणाऱ्याला बऱ्याचदा नसतं. प्रशिक्षण घेतोय हे कंपनीला लेखी कळवा, जास्त प्रीमियम लागला तर भरा. लपवलेली माहिती क्लेमच्या वेळी बाहेर येते आणि तेव्हा घरचे एकटे पडलेले असतात. परवाना गमावण्याचा विमा (तब्येतीमुळे उडता येईनासं झालं तर पैसे देणारा) घेताना आधीच्या आजारांचं कलम बघा.

पाचवी पायरी: दायित्वाची रक्कम. एकूण आकडा मोठा दिसतो, पण प्रत्येक प्रवाशामागे वेगळी, छोटी मर्यादा असू शकते. ती विचारा.

आगाऊ भरलेली फी यातल्या कशातच बसत नाही. स्कूल बंद पडलं तर विमानाचा विमा तुमचे पैसे परत करत नाही. शक्य तिथे हप्त्याने, उडवाल तेवढेच पैसे भरा.

स्कूल चालवणाऱ्यांसाठी. विमानाची ठरलेली किंमत दर नूतनीकरणाला बाजाराशी जुळवा. ती कमी ठेवली तर दुरुस्त होण्याजोगं विमान पूर्ण नुकसान म्हणून निकालात निघतं आणि हाती आलेल्या पैशांत तसं दुसरं मिळत नाही. इन्स्ट्रक्टरची नावं पॉलिसीत घाला, नाहीतर वसुलीचं तेच पत्र त्यांच्याही घरी जाईल. हँगरमध्ये ठेवलेली दुसऱ्यांची विमानं आणि सिम्युलेटर यांचा विमा वेगळा लागतो. दंगल, संप, घातपात हे धोके एव्हीएन 48बी या कलमाने वगळलेले असतात. ते हवे असतील तर जादा प्रीमियम भरून परत घ्यावे लागतात. आणि विद्यार्थ्यांविरुद्धची वसुली सोडल्याचं एंडोर्समेंट स्वतःहून मागा. ज्याच्या फीवर स्कूल चालतं, त्याच्यासाठी एवढं करायलाच हवं.

सहावी पायरी: संरक्षण चालू ठेवा. मेडिकलची मुदत संपलेली, सोलोची परवानगी लॉगबुकात नोंदलेली नाही, सोलोमध्ये मित्राला शेजारी बसवलं: यातलं एकही कारण क्लेम नाकारायला पुरेसं ठरू शकतं. उड्डाणाआधी लॉगबुकातली सही स्वतः बघा. इन्स्ट्रक्टरने ‘नंतर करतो’ म्हटलं तर थांबा, सही झाल्यावरच इंजिन सुरू करा.

सातवी पायरी: काही घडलंच तर. आधी माणसं, मग तपास यंत्रणेला आणि विमा कंपनीला कळवणं. परवानगीशिवाय विमान हलवू नका, फोटो काढा, लॉगबुक आणि टेक लॉग (विमानाची तांत्रिक नोंदवही) यांच्या प्रती ठेवा. चूक माझी होती असं स्कूलला किंवा तिसऱ्या पक्षाला लिहून देऊ नका. तसं लिहून देण्याला पॉलिसीच्या अटींची सहसा मनाई असते. तपास यंत्रणेला मात्र जे घडलं ते खरं सांगा. स्वतःची पॉलिसी असेल तर तिलाही त्याच दिवशी कळवा, क्लेम करायचा की नाही हे ठरलेलं नसलं तरी.

विमान विमा साधारणपणे वर्षाचा असतो आणि प्रशिक्षण अनेकदा त्याहून लांबतं. नूतनीकरणात कंपनी बदलली तर एंडोर्समेंट गळून पडू शकतं. संपण्याची तारीख शेड्यूलवर असते. ती फोनमध्ये टाकून ठेवा आणि त्या आठवड्यात नवं शेड्यूल हातात येईपर्यंत सोलोला जाऊ नका.