तैलरंगात जंगल रंगवायचंय? मग हिरवी ट्यूब जरा उशिरा उघडा

जंगल रंगवायला बसलं की हात पहिला हिरव्या ट्यूबकडेच जातो आणि चित्र तिथेच बिघडतं, मग तासाभरात सगळीकडे एकच सपाट हिरवा दिसायला लागतो. आपण भीमाशंकरचं पावसाळ्यातलं जंगल घेऊया, कारण तिथे भर दुपारीसुद्धा झाडीत अंधार असतो, खोडांवर शेवाळ चढलेलं असतं आणि वर बघितलं की पानांच्या मधून आभाळाचे पांढुरके तुकडे दिसतात. आपल्याला तो अंधार आणि ते तुकडे रंगवायचेत, एकेक पान नाही.

आधी पुठ्ठ्याला छोटं चौकोनी भोक पाडा आणि एक डोळा मिटून त्यातून झाडीकडे किंवा तुमच्या फोटोकडे बघा, म्हणजे चित्रात किती भाग घ्यायचा ते ठरतं. ऑस्ट्रियन चित्रकार गुस्ताव क्लिम्टसुद्धा असं भोक पाडलेला पुठ्ठा वापरायचा, त्याचं १९०२ सालचं बीच वृक्षांचं जंगल बघाच, खोडं वरच्या कडेला सरळ कापली गेलीयत म्हणून आपणच त्या झाडांत उभे आहोत असं वाटतं. झाडाचा शेंडा कॅनव्हासमध्ये बसवायचा हट्ट नको.

आता १६ बाय २० इंचाचा तयार कॅनव्हास घ्या आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) टर्पेंटाइनमध्ये कोऱ्या चहाइतका पातळ करून सगळीकडे फासा (खिडक्या उघड्या ठेवा, टर्पेंटाइनची वाफ डोक्यात जाते). तो ओला असतानाच अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना मिसळून गडद रंग करा, त्याने खोडं आणि अंधाराचे मोठे आकार टाका, आणि जिथे उजेड हवा तिथे फडक्याने रंग पुसून काढा. डोळे बारीक करून बघितलं आणि जंगल दिसलं तर चित्र उभं राहिलं, नाही दिसलं तर पुसून परत करा, इथे घाई करूच नका. मग एक-दोन दिवस वाळू द्या.

हा तांबडा थर का, तर वरच्या हिरव्यातून तो मधे मधे डोकावतो आणि त्यामुळेच हिरवा जिवंत वाटतो. खाली टर्पेंटाइनचा पातळ थर आणि वर जाताना लिनसीड ऑइल (जवसाचं तेल) वाढवत न्यायचं, उलटं केलंत तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा पडतात.

आता हिरवा, पण घरी मिसळलेला. अल्ट्रामरीन आणि यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) मळकट हिरवा सावलीला, काळा आणि लेमन यलो मिसळून होतो तो शेवाळाला (काळ्यातून हिरवा निघतो यावर आधी विश्वास बसत नाही, करून बघा!), आणि लांबच्या झाडांना पांढरा घालून निळसर राखाडी. एखादा हिरवा फारच कच्चा वाटला तर चिमूटभर क्रिमसन (गडद लाल) घाला, लगेच शांत होतो.

खोड मात्र उभं राहून काढा, १२ नंबरचा फ्लॅट ब्रश, रंगाने भरलेला, खालून वर एका दमात, खांद्यातून हात फिरवत. वाकडं गेलं तर जाऊ दे. त्यावरून परत परत ब्रश फिरवला की रंगाचा चिखल होतो, माझी कितीतरी खोडं अशीच गेलीयत. बारीक फांद्यांना ब्रशच्या मागच्या टोकाने ओला रंग खरवडा, खालचा तांबडा आपोआप वर येतो.

आभाळाचे तुकडे सगळ्यात शेवटी, पानांच्या वरून, पण शुद्ध पांढरे नकोत, तुकडा जितका छोटा तितका रंग थोडा मळका ठेवा. ऊन पडलेल्या दोन-तीनच जागी लेमन यलोचा जाड थर पॅलेट नाइफने लावा आणि ब्रश खाली ठेवा.

तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात, बाहेर पसरून वाळवा. पावसाळ्यात रंग वाळायला जास्त दिवस लागतात, जाड थराला तर बरेच, आणि व्हार्निशसाठी सहा महिने ते वर्षभर तरी थांबा.