मशिंगावरचे सुरवंट कसे काढावेत

गोव्यात शेवग्याला मशिंग म्हणतात. पावसाळ्यात एखाद्या सकाळी परसातल्या मशिंगाच्या नुसत्या काटक्या उरलेल्या दिसल्या, तर शेंड्याकडे बघत बसू नका, बुंध्याकडे बघा. हे केसाळ सुरवंट म्हणजे एका पतंगाच्या अळ्या. रात्री वर चढून पाला खातात आणि दिवसा खोडावर एकमेकांना चिकटून बसतात. सालीवर गोणपाटाचा तुकडा डकवलाय असं वाटतं. त्यांना गाठायचं ते तेव्हाच.

आधी पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा. वारा असेल तर काम उद्यावर टाका, कारण केस उडून अंगावर येतात.

जुनी माणसं सुकलेल्या चुडताची (नारळाच्या झावळीची) चूड पेटवून जथ्यावरून झरझर फिरवतात. उपाय खरा, पण मशिंगाची साल मऊ. जाळ एका जागी रेंगाळला की ती भाजते. मला बादलीच बरी वाटते. साबणाच्या पाण्याची बादली बुंध्याला टेकवा आणि हिराच्या केरसुणीने (खराट्याने) वरून खाली ओढत अळ्या आत पाडा. उंचावरच्यांसाठी काठीला साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं बांधा. मेलेल्या अळ्या खड्ड्यात पुरा.

पानांवर, कोवळ्या फांद्यांवर अंड्यांचे पुंजके दिसले तर तेवढा भाग कापून त्याच बादलीत टाका. वाढलेल्या अळ्या कोषात जायला मातीत उतरतात, म्हणून बुंध्याभोवतीची माती वरवर उकरून ठेवा.

अळ्या लहान असतील तर निंबोळी अर्क चालतो: 50 ग्रॅम निंबोळीची भरड 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, गाळून त्यात थोडा साबण घालायचा आणि संध्याकाळी फवारायचं. मोठ्या अळ्यांवर त्याचा फारसा उपयोग नाही. जहरी औषध मात्र नकोच. गोकुळाष्टमीला याच पाल्याची भाजी करायची असते.

(डोंगरावरचे साग जूनमध्ये उघडे पडतात ते वेगळ्या अळीमुळे. त्यांना पुन्हा पालवी येते, काही करू नका.)

केस टोचले तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेले तर पाण्याने धुऊन थेट डॉक्टरकडे.

अळ्या गेल्या तरी त्यांच्या काती आणि केस सालीवर राहतात. चार जोरदार सरी पडेपर्यंत पोरांना झाडावर चढू देऊ नका, आणि खाली कपडे वाळत घालू नका.