ओल्या लाल मिरचीचा रंजका: लिंबाआधी आंबवण

हिवाळ्यात झाडावरच पिकलेल्या ओल्या लाल मिरच्या बाजारात दिसू लागल्या की रंजका, म्हणजे या मिरच्यांचा टिकाऊ ठेचा, घालायचे दिवस आले. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे आणि पलीकडे उत्तर कर्नाटकात तो घरोघरी होतो. बरेच जण मिरची वाटल्या वाटल्या लिंबू पिळतात. माझं म्हणणं, थोडं थांबा. मिरची आधी नुसत्या मिठात आंबू द्या. तिला स्वतःचा जो आंबटपणा चढतो, तो लिंबाने येत नाही.

अर्धा किलो मिरच्या घ्या, कडक आणि तुकतुकीत. मऊ पडलेली, देठाशी काळी झालेली एकही नको. देठांसकट धुवा. देठ आधी काढले तर पाणी मिरचीच्या पोटात शिरतं. एका वर्षी माझी अख्खी बरणी याच चुकीने बुरसली. फडक्यावर सावलीत पूर्ण कोरड्या करा, मग देठ खुडा. हाताला तेल चोळायला विसरू नका.

आता 50 ग्रॅम सोललेला लसूण आणि 25 ग्रॅम मीठ घालून जाडसर वाटा. मीठ काट्यावर मोजूनच घ्या, अंदाजाने नको: कमी पडलं तर रंजका नासतो, फार झालं तर आंबतच नाही. पाण्याचा थेंबही घालू नका.

कोरड्या काचेच्या बरणीत तीन चतुर्थांशच भरा आणि चमच्याने दाबून बसवा. झाकण सैल ठेवा, खाली ताटली ठेवा. दोन-तीन दिवसांत, थंडी जास्त असेल तर पाच-सहा दिवसांत, काचेला लागून बारीक बुडबुडे दिसतील. लगदा फुगून वर येतो आणि तळाशी लाल पाणी सुटतं. हे बिघडणं नव्हे, मिरचीवरचेच जिवाणू तिच्यातली साखर खाऊन आम्ल तयार करतायत. रोज एकदा कोरड्या चमच्याने ढवळून पुन्हा दाबा. झाकण उघडताना तोंड लांब ठेवा, वाफ नाकात झोंबते.

वर पांढरा, सपाट पापुद्रा धरला तर तो काढून टाका, खालचं चांगलं असतं. पण हिरवी, काळी किंवा लोकरीसारखी बुरशी दिसली तर सगळं फेकून द्या, वरचं काढून उरलेलं वापरू नका.

आठ-दहा दिवसांनी वासातला कच्चा उग्रपणा जाऊन छान आंबूस वास येतो. सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप) तपासायची पट्टी मिळाली तर बघा, 4.6 च्या बऱ्याच खाली हवा. मग चार लिंबांचा रस, चमचाभर मोहरीची पूड, अर्धा चमचा भाजलेल्या मेथीची पूड आणि हिंग घालून कालवा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

बरणीत तेल ओतू नका. जेवायला बसताना वाटीभर काढून त्यावर लसणाची चरचरीत फोडणी घाला. सोबत ज्वारीची गरम भाकरी आणि घट्ट दही हवंच.