क्रॉस-कंट्रीचा मार्ग आधी तीनदा पायी चाला

क्रॉस-कंट्री म्हणजे मोकळ्या रानातून, ठोस अडथळ्यांवरून उड्या घेत ठरलेल्या वेळेत घोडा पळवायची स्पर्धा. माझ्या पहिल्या क्रॉस-कंट्रीत घोडी एकाही अडथळ्यावर अडली नाही, तरी आम्ही ठरलेल्या वेळेपेक्षा ४० सेकंद उशिरा पोहोचलो. जादा सेकंदाला ०.४ या हिशेबाने १६ दंडगुण. सपाटीवर ती छान पळाली होती. वेळ गेला तो मी प्रत्येक उडीआधी लगाम खेचत बसले त्यात. तेव्हापासून मी मार्ग तीनदा चालते.

पहिल्या फेरीत काहीच मोजू नका. घोड्याला हा मार्ग आधी दाखवता येत नाही. तो प्रत्येक अडथळा स्पर्धेतच प्रथम पाहतो. म्हणून त्याला काय दिसेल ते बघा. लाल झेंडा उजवीकडे, पांढरा डावीकडे, जायचं मधून. उन्हातून झाडीत शिरताना उडी असेल तर ती जागा नीट लक्षात ठेवा. घोड्याच्या डोळ्यांना अंधार सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तिथे वेग बराच आधी आवरा, मग पाय घट्ट ठेवून त्याला धीर द्या. पाण्यातही तेच, खोली किती, हे त्याला वरून कळत नाही.

दुसऱ्या फेरीत मोजचाक घ्या आणि घोडा जिथून नेणार नेमकं तिथूनच फिरवा. वळणं आतून कापलीत की सगळा हिशेब चुकतो. समजा मार्ग २६०० मीटर आणि वेग मिनिटाला ५२० मीटर, म्हणजे ५ मिनिटं. दर ५२० मीटरवर एखादं झाड, एखादं फाटक हेरून ठेवा. मनगटावरचं घड्याळ दर मिनिटाला वाजू द्या. ते वाजलं आणि खूण अजून पुढेच असेल तर तुम्ही मागे पडलाय. हा वेग अंगात मुरावा म्हणून सरावात ५२० मीटर मोजून, उड्या न घेता, बरोबर एका मिनिटात पार करा. पुन्हा पुन्हा करा.

तिसरी फेरी एकट्याने, आणि तुमची पाळी ज्या वेळेला आहे त्याच वेळेला, म्हणजे ऊन कुठून डोळ्यांत येतं ते कळतं. अवघड अडथळ्याला लांबची सोपी वाट दिलेली असते. ती आत्ताच चालून ठेवा. घोडा एकदा अडला तर २० दंडगुण, म्हणजे ५० सेकंदांच्या उशिराइतके. सोप्या वाटेने १० सेकंद गेले तर फक्त ४. नवख्या घोड्यावर मी बेधडक ती वाट घेते.

स्पर्धेत उडीआधी हात ओढू नका. खांदे उचला, पाठ ताठ करा; शिकवलेला घोडा तेवढ्याने आवरतो. शेवटच्या टप्प्यात तो जड वाटू लागला, खूर लाकडाला घासू लागले, तर हात वर करून थांबा. हे अडथळे ठोस असतात, धडकेने सहसा पडत नाहीत. उतरा, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करा, सावलीत चालवा आणि अंगावर गार पाणी ओतत राहा.